जास्तीची मेंढी

तुंगारेश्वरच्या पायथ्याला धनगर उतरले की आमच्या पापडीच्या वाडीवाल्यांची धांदल उडायची. भात कापून झालेलं असायचं, पुढे मिरची-वांगी लावायची असायची. त्याआधी दोन-तीन रात्री शेतात मेंढरं बसवली, तर तसं खत दुसरं नाही. एक्कावन्न साली, नाताळानंतर येणाऱ्या तीन राजांच्या सणानंतरच्या आठवड्यात, जेवण झाल्या झाल्या बाबांनी मला पिटाळलं.

"प्लासिड, आजच जा. नायतर जूचंद्रवाले आधी नेतील."

मी तेव्हा चोवीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेला. धनगरांना बोलावून आणायचं, एवढंच काम. यात भिण्यासारखं काय असणार?

सातिवली ओलांडून ओढ्याच्या काठाने वर चढलो, तेव्हा चार वाजून गेले असतील. पुढे दोन डोंगरांमधली खिंड. पश्चिमेची सोंड आड येत असल्याने तिथलं ऊन लवकर निघून जातं. खाली सगळा वसईचा पट्टा उजेडात झळकत होता आणि खिंडीच्या तोंडाशी मात्र सावली पडून गार झालं होतं.

तिथे धनगरांचा तळ होता. माणसं दोनच. म्हाकूबा नावाचा सत्तरीचा म्हातारा आणि त्याची सून धुरपा. धुरपा तिशीची असेल, कपाळ कोरं. दोन कुत्री आणि सव्वाशे मेंढरं. मेंढरं वाघरीत, म्हणजे दोरीच्या जाळीच्या कुंपणात, घालायचं काम चाललं होतं. धुरपा तोंडाशी उभी राहून आत जाणाऱ्या प्रत्येकीच्या पाठीला हात लावत होती. ती आकडे मोजत नव्हती. ओळखत होती.

शेवटची मेंढी आत गेली आणि धुरपाचा हात तसाच हवेत राहिला.

"मामंजी," ती हळूच म्हणाली, "एक जास्तीची हाय."

 म्हाताऱ्याने एक तरणी मेंढी बाहेर ओढली आणि तिच्या गळ्यात दोर घातला. कुत्री पोट जमिनीला टेकवून मागे सरकली. भुंकली मात्र नाहीत.

"कुठे नेता हिला?" मी विचारलं.

"ह्या खिंडीचा रिवाज हाय, पावणं. आज्या-पणज्यापासनं. ती जास्तीची येती... मग आपली एक वरच्या झऱ्यापाशी बांधून यायची. सकाळच्याला दोनीबी नसत्यात. बाकीची सुखी ऱ्हात्यात."

"आन् गेल्या साली?" धुरपाने वाट अडवली. "तुमचा ल्योक बांधाया गेला. मेंढी गेली, त्योबी गेला. रिवाज तर पाळला व्हता की आपुन!"

म्हाताऱ्याची मान खाली गेली. "म्हनूनच सांगतो पोरी... खवळवू नगंस खिंडीतल्या त्येला."

धुरपाने त्याच्या हातातला दोर काढून घेतला, तरण्या मेंढीला मोकळं केलं आणि थैलीतून लोकर कातरायची कातर काढली.

"माज्या वाघरीत शिरली ती माजी. माजी असंल, तर लोकर द्यावी लागंल." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पावणं, पाय धरा."

नाही म्हणायला हवं होतं. पण तिच्याकडे पाहून तोंडातून नकार निघेना.

ती जास्तीची मेंढी कोपऱ्यात उभी होती. काळी, साधीच. बाकीची मेंढरं तिच्यापासून हातभर लांब दाटीवाटीने उभी होती. आम्ही तिला आडवी पाडली. तिने जराही धडपड केली नाही. मी चारही पाय धरले, तर ते विहिरीतून नुकत्या काढलेल्या काठ्यांसारखे थंड. पोट हलत नव्हतं. आणि मेंढराचा तो उग्र वास कुठेच नाही. येत होता तो नुकत्या उकरलेल्या, ओल्या मातीचा वास.

धुरपा कातरू लागली. कच्... कच्... एक पदर निघाला. त्याखाली कातडी दिसायला हवी होती. लोकरच होती. तो पदर काढला, त्याखालीही लोकर. एका मेंढीची लोकर टोपलीभर होते. इथे ढीग माझ्या कमरेपर्यंत आला आणि माझ्या हातातली मेंढी बारीक होत चालली.

तेवढ्यात वर, झऱ्याच्या अंगाने, हाक आली.

"धुरपे..."

पुरुषाचा आवाज. थकलेला.

म्हाकूबा धडपडत उठला. "सत्वा! माजा सत्वा..."

"बसा खाली, मामंजी." तिचा आवाज कापत होता. कातर थांबली नव्हती.

"धुरपे... सोड तिला... मला लई गार लागतंय गं..."

मी 'नमो मारिया'ची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली आणि अर्ध्यात शब्दच आठवेनात. धुरपाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"तुजा द्येव आठव, बाबा," ती मला म्हणाली, "पर हात सोडू नगंस." मग खिंडीकडे तोंड करून ओरडली, "सत्वा असशील तर म्होरं ये! घोंगडं घालते तुज्या अंगावर. न्हाई येत? मग ऐक. वरीसभर रडले म्या. आता एक मेंढरू न्हाई द्यायची, एक केस न्हाई द्यायची! बिरोबाची आण हाय!"

हाक थांबली. ओढ्याचं पाणीसुद्धा वाहायचं थांबलंय असं वाटलं.

कच्. शेवटचा पदर निघाला आणि माझ्या मुठी एकमेकींवर आपटल्या. आत काही नव्हतं. मधे फक्त हवा.

धुरपाने त्या ढिगाला काडी लावली. लोकर जळाल्यावर कसा वास येतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. तसला वास आलाच नाही. ढीग पेंढ्यासारखा भडकला आणि विझला. राख उरली नाही.

संधिप्रकाश होता तोवर आम्ही कळप घेऊन सातिवलीला उतरलो आणि दुसऱ्या दिवशी पापडीला आलो. एकही मेंढरू कमी नव्हतं. बाबांनी म्हाकूबाला नारळाची करवंटी भरून ताडी दिली. धुरपा माझ्या बायकोशी, फ्लॉसीशी, हसून बोलली. दोन दिवस बरे गेले.

तिसऱ्या सकाळी फ्लॉसी शेतातून पळत आली. पाटाच्या पाण्याने भिजलेल्या मातीत, वाघरीच्या भोवती, अनवाणी माणसाची पावलं उमटली होती. पुरती गोल फेरी, एकदा नाही, कितीतरी वेळा. कुठून आली आणि कुठे गेली, याचा माग नव्हता.

म्हाकूबा पावलांपाशी बसला. त्याचे डोळे भरून आले. "आला गं! पोरगा राखणीला आला..."

धुरपा वाकली. एका डाव्या पावलावर तिने बोटं ठेवली आणि एकेक ठसा चाचपला.

"मामंजी," ती म्हणाली, "सत्वाच्या डाव्या पायाचं एक बोट लहानपनीच तुटल्यालं. इसरला व्हय? हितं पाची हायेत."

 

धुरपा उभी राहिली, पदर कमरेला खोचला आणि फ्लॉसीला म्हणाली, "बाई, घरात पाटा असंल तर दे. कातरीला धार लावायची हाय."