तिकिम्तची बारा तारीख

“दहा आबान ना? म्हणजे एक नोव्हेंबर. होईल केक,” म्हणत गोलनारने मामाच्या बेकरीतला फोन ठेवला. काउंटरपलीकडचा उंच तरुण तिच्या बोटांकडे बघत होता. इमारतीची लिफ्ट दुरुस्त करून तो चहाला आला होता.

“तुम्ही बोटांवर काय मोजता?”

“टोरोंटोतले इराणी लोक केक मागवताना आमच्या कॅलेंडरची तारीख सांगतात. मामाला भट्टीसाठी इंग्रजी लागते. मध्ये मी.”

“मग आमचीही काढून द्या. इथिओपियाची. आमच्याकडे तेरा महिने असतात.”

“पगारही तेरा वेळा मिळतो का?”

“नाही. पण साल सात वर्षांनी मागे आहे. चुका करायला मला अजून भरपूर वेळ आहे.”

गोलनारला हसू आलं. त्याचं नाव हेनोक. त्याच्या आईची जन्मतारीख इथल्या अधिकाऱ्यांना नीट न कळल्यामुळे कागदांवर एक जानेवारी पडली होती. “तिकिम्त महिन्याची बारा, असं ती सांगते. यंदा साठ पूर्ण होतील. तिच्या खऱ्या दिवशी केक आणायचाय.”

महिने विचारत विचारत गोलनारने मोजलं. तो मध्येच काहीतरी बोलायला गेला... आणि त्याने चहाचा कप तोंडाला लावला.

“बावीस ऑक्टोबर. रविवार,” ती ऐटीत म्हणाली.

रविवारी तो केशर-पिस्त्याचा केक घेऊन गेला. जाताना दारात उगाचच दोनदा वळला.

सोमवारी सकाळी एक इथिओपियन बाई बिस्किटं घ्यायला आल्या. गोलनारने नवी विद्या पाजळली, “आज तिकिम्त तेरा ना?”

“बारा,” बाई म्हणाल्या. “चार वर्षांतून एकदा आमचं नवं वर्ष एक दिवस उशिरा लागतं. यंदा तसंच झालं.”

साठ वर्षांनी एका बाईला तिचा दिवस मिळणार होता, आणि तोही आपण चुकवला. तिने दुसरा केक बांधला, ऑर्डरवरचा पत्ता पाहिला आणि बस पकडली.

दार आईनेच उघडलं. पांढऱ्या शालीतली ठेंगणी बाई. तिने गोलनारला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “बोटं मोजणारी ती तूच का?”

आत कॉफीचे दाणे भाजल्याचा घमघमाट होता. टेबलावर कालचा केक तसाच, न कापलेला; शेजारी हेनोक उभा.

“तुम्हाला माहीत होतं,” गोलनार त्याला म्हणाली.

“दुकानातच,” हेनोक कान चोळत म्हणाला. “पण तुम्ही इतकं मन लावून मोजत होतात... मोडवेना. शिवाय चूक राहिली तर भांडायला परत येता आलं असतं. आज संध्याकाळी येणारच होतो.”

“मी बसमध्ये रडायच्या बेतात होते.”

“चुकलो. पण काही कारण नसतानाही मी आलो असतो. तू मला आवडतेस — आणि आता अहो-जाहो मला जमणार नाही.”

गोलनारने खोका खाली ठेवला. “मलाही नाही जमणार,” ती हळूच म्हणाली.

आईने दोन्ही केक कापले, स्वतः आधी खाल्ला आणि गोलनारच्या हातात इवलासा कप दिला. “आमच्यात तीन कप प्यायचे असतात. आधी उठलीस तर मी रागावेन.”

तेवढ्यात मामाचा फोन आला. “केक द्यायला गेलीस की लग्नाला?”

गोलनारने हेनोककडे पाहिलं. तो तिच्यासाठी खुर्ची ओढत होता.

“मामा, आज दुकान तू बंद कर,” ती म्हणाली. “माझे अजून दोन कप बाकी आहेत.”