दहाला निघालं, दहाला पोचलं

"बारानंतर या! कुत्रा अजून हवेत आहे," कार्गो ऑफिसातला कारकून चहाचा घोट घेत म्हणाला.

"पण अकरा वाजलेत! विमान तर दहालाच येणार होतं!" ताई म्हणाली.

आठवड्यापूर्वी ताई, मास्तर आणि पिटुकली ही तिघं भावंडं सुट्टीला शेजारच्या देशात आत्याकडे आली होती. त्यांचा लाडका भोपळ्या आज मागाहून येत होता, पिंजऱ्यात, एकटाच.

कारकुनानं भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बोट दाखवलं. "निघालं दहाला, पोचलं दहाला! असं कधी होतं का? छापण्यातली चूक ती. सहाशे किलोमीटरला दोन तास लागणारच. बसा गुपचूप!"

"दोन तास? विमान आहे की बैलगाडी?" पिटुकली फणकारली. "आम्ही आलो तेव्हा माझं सरबत संपायच्या आत उतरलोसुद्धा!"

मास्तरनं मनगट पुढे केलं. त्याचं घड्याळ अजून घरच्याच वेळेवर होतं आणि त्यावरून सगळ्यांनी त्याला भंडावून सोडलं होतं. त्यात बारा वाजले होते.

"अहो काका, इथली घड्याळं आमच्याकडच्यापेक्षा तासभर मागे आहेत! आल्या दिवशी 'एक तास फुकट मिळाला' म्हणून आम्ही नाचलोसुद्धा! विमान तिकडच्या दहाला निघालं, तासाभरात पोचलं. तेव्हा इथे दहाच वाजलेले असणार ना?"

"मला शिकवू नकोस!"

"अहो, निदान उठून बघा तरी!" मुलांसोबत आलेली आत्या चिडली. पण कारकून जागचा हलला नाही.

तिघं तणतणत बाहेर आली. ऊन नुसतं भाजून काढत होतं. म्हणजे भोपळ्या तासाभरापासून या उन्हात! ताई झटकन वळली.

"पिटुकले, वाटी काढ!"

पिटुकलीनं भोपळ्याची स्टीलची वाटी कुंपणाच्या जाळीवर ठणाठणा बडवली. त्या आवाजानं तो गाढ झोपेतूनही धावत येई.

गोदामामागून क्षीण आवाज आला, "भुक्!"

"काय गोंधळ आहे हा?" मुख्य अधिकारी बाई बाहेर आल्या.

"आमचा कुत्रा उन्हात तडफडतोय, आणि तुमचे कारकून म्हणतात तो हवेत आहे!" ताई ओरडली.

बाईंनी ताबडतोब फाटक उघडायला लावलं. गोदामामागे सामानाच्या गाडीवर, भर उन्हात पिंजरा! भोपळ्याला उठायचंही त्राण नव्हतं. ताईनं वाटीत पाणी ओतलं. तो लपालप प्यायला, मग कुठे त्याची शेपटी हलली. पिटुकलीला रडूच फुटलं. भोपळ्याला उचलून सगळे ऑफिसात आले.

"मला वाटलं..." कारकून पुटपुटला.

"वाटलं? चार पावलं चालला असतात तर दिसलं असतं!" बाई कडाडल्या. "आधी या मुलांची माफी मागा!" मग त्या मुलांकडे वळल्या. "शाब्बास! तुम्ही होतात म्हणून हा जीव वाचला."

"मास्तर, तुझ्या घड्याळाला हसलो, आमचं चुकलंच," आत्या म्हणाली.

पण मास्तरचा राग काही उतरेना. भोपळ्याला कुशीत घेऊन तो कारकुनासमोर उभा राहिला.

"काका, आम्हाला मिळालेला तो फुकटचा तास यानं उन्हात काढला!"

कारकून खाली मान घालून उठला आणि भोपळ्यासाठी आणखी पाणी आणायला गेला.