पेटीतली तपकिरी फ्रेम

"डावा डोळा झाका आणि वरून वाचा."

खुर्चीतल्या माणसाने डोळा झाकला खरा, पण वाचायचं सोडून तो विचारू लागला, "आज रविवार ना? मग तुम्ही इथे कशा?"

हॉस्पिटलचं मोफत नेत्रशिबिर दर रविवारी कुठल्या ना कुठल्या शाळेत भरायचं आणि ती तिथे डोळे तपासायची. सकाळपासून रांग हलत नव्हती, पंखा नुसता नावाला फिरत होता, आणि त्यात हा चौकशा करणारा! दारात घुटमळताना दिसला म्हणून तिने त्याला धरून खुर्चीत बसवला होता, एवढंच.

"आधी डोळे, मग प्रश्न. वाचा."

"म... की भ?"

"मीच सांगितलं तर तपासणी कसली?"

"रविवारचा जास्त पगार मिळतो का?"

"मिळते ना, डोकेदुखी! तिसरी ओळ?"

"तिसरी ओळ आहे?"

त्याने हे इतक्या प्रामाणिकपणे विचारलं की तिला हसूच फुटलं. आजवर सगळं धूसर बघत आला होता बिचारा, आणि त्याची काही तक्रारही नव्हती.

साधा नंबर असला की चष्मा तिथेच मिळायचा. फ्रेम्स कर्मचाऱ्यांच्या घरातून आलेल्या, जुन्या, सगळ्या एकाच पेटीत. कुठली कुणाची हे सांगायचं नाही, असा मेट्रनबाईंचा दंडक होता. घेणाऱ्याला ओशाळं वाटायला नको. तिचा हात पेटीतल्या एका तपकिरी फ्रेमवर गेला... का, कोण जाणे.

काचा बसवून झाल्या. त्याने चष्मा लावून खिडकीबाहेर पाहिलं. "झाडाची पानं अशी सुटी सुटी दिसतात?" मग त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्याला प्रश्न सुचेना. ती उगाच स्वच्छ भिंगं पुसत बसली.

तेवढ्यात मेट्रनबाई आल्या. "अहो साहेब! तुम्ही पेशंटच्या खुर्चीत?"

तो हॉस्पिटलच्या कार्यालयात नव्याने रुजू झालेला अधिकारी निघाला. शिबिरामुळे माणसं दमतात, आठवडाभर कामात चुका करतात, अशी विश्वस्तांना शंका होती. शिबिर ठेवायचं की बंद करायचं, हे त्याच्या पाहणीवर ठरणार होतं.

"आधी सांगायचं नाही का?" ती फणकारली.

"तुम्ही बोलू कुठे दिलंत?"

शिबिर म्हणजे तिचा जीव की प्राण. आठवडाभर हॉस्पिटलमधल्या तपासणीच्या खोलीत ती कोरडेपणाने "पुढचे या" म्हणत असे. पण रविवारी एखादी आजी पहिल्यांदा नातवाचा चेहरा नीट पाही, आणि सोमवारी हिचं "पुढचे या" आपोआप मऊ होई. हे या साहेबाला कसं समजावायचं?

सोमवारी तो तिच्या खोलीत येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. डोळ्यांवर तीच तपकिरी फ्रेम! तिला आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. आणि व्हायचं तेच झालं — एका आजोबांच्या उजव्या डोळ्याचं भिंग तिने डाव्या डोळ्याला लावलं.

"बाई, आता तर तुम्हीसुद्धा दिसेनाशा झालात!" आजोबा म्हणाले.

तिने लगेच भिंग बदललं. पण त्याने पाहिलं होतं. तो वहीत काहीतरी टिपून उठून गेला, आणि तिने दुपारचा डबा न उघडताच परत पिशवीत ठेवला. आपल्याच हाताने आपण शिबिर बुडवलं! एवढी चिडली होती, तरी त्याच्या मनात काय चाललं असेल याची उत्सुकता काही केल्या जाईना.

आठवड्याच्या शेवटी विश्वस्तांची बैठक झाली, त्या संध्याकाळी ती खोलीला कुलूप लावत असताना तो आला.

"चालू राहणार शिबिर," तो म्हणाला.

तिला क्षणभर खरंच वाटेना. "आणि माझी चूक?"

"तीही सांगितली. लपवली नाही."

"तरी?"

"इथे-तिथे बसून आठवडाभर पाहिलं. शिबिराला जाणारी माणसं दमतात, पण पेशंटवर खेकसत नाहीत. नावानं हाक मारतात, दोनदा समजावून सांगतात. आणि ती चूक... ती शिबिरामुळे नाही, माझ्यामुळे झाली. मी टक लावून बघत होतो, असं सांगितलं."

"सगळ्यांसमोर?"

"हो. मग त्यांनी विचारलं, का बघत होतात?"

"मग — तुम्ही काय —"

"खरं ते सांगितलं. मेट्रनबाईंना चहाचा ठसकाच लागला."

तिचे कान तापले. हसू दाबायला तिने कुलूप पुन्हा एकदा ओढून पाहिलं.

"एकच प्रश्न उरलाय," तो हळूच म्हणाला. "ही फ्रेम कुणाची?"

"सांगायचं नसतं ते."

"मेट्रनबाईंना मीही सांगणार नाही."

ती चार पावलं पुढे गेली... थांबली... आणि वळून त्याच्याकडे नीट, डोळे भरून पाहिलं.

"माझी," ती म्हणाली. "आणि परत पेटीत टाकायची नाही."