पारखगोळी

गोळी गिळून झाली होती. द्वारका पाठीवर पडून समोरच्या पडद्यावर स्वतःचंच जठर बघत होती आणि भीतीनं तिचे तळपाय गार पडले होते. पोटात कुठंतरी रक्त झिरपत होतं. वर्षभरात कुणाला जागा सापडली नव्हती, आणि आता उभं राहण्यापुरतंही बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"हा नुसता कॅमेरा नाही, पारखगोळी आहे," डॉक्टर निरगुडकर समजावत होते. "तुमच्या रक्तावरून तिला तुमच्या पेशींची खूण शिकवलीय. लहान आतड्यात उतरली की ती जागी होते. खूण जुळली तर सोडते, नाही जुळली तर जाळते. मग जंत असो की बिघडलेली पेशी."

"मग अक्काला अख्खीच जाळेल की!" उशाशी बसलेला धाकटा भाऊ रंगा म्हणाला. "हिच्यात हिचं आहे काय? रक्तसुद्धा माझंच. लहानपणी माझ्या हाडातला मगज दिलाय हिला. तेव्हापासून भांडखोर झाली."

"गप रे," द्वारका हसली.

डॉक्टर हसले नाहीत. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"चाळीस वर्षं झाली त्याला. बरी झाले, त्यात सांगायचं काय?"

डॉक्टर यंत्रतज्ज्ञ फरीदा मुल्लांकडे वळले. "रक्त हाडांच्या मगजात तयार होतं. आपण गोळीला भावाची खूण शिकवली."

"आणि आतडं बाईंचं," फरीदा हळूच म्हणाली. "म्हणजे गोळीच्या लेखी सगळंच परकं."

"बाहेर काढा ना मग!" रंगा ओरडला.

"दुर्बीण घालेपर्यंत," डॉक्टर म्हणाले, "ती खाली उतरेल. बिनतारी संदेशानं तिची खूण बदलता येईल, पण बाईंची स्वतःची खूण हवी. थुंकी चालणार नाही, तिच्यातही रक्ताच्या पेशी असतात. केस द्या, मुळासकट!"

रंगानं विचारलंसुद्धा नाही. अक्काच्या अंबाड्यातून त्यानं झिपरीच उपटली. फरीदानं ती यंत्रात घातली. पडद्यावर जठराचं तोंड उघडलं, गोळी घसरली. गुलाबी भिंती दिसल्या. गोळीचा दिवा लागला. द्वारकानं डोळे मिटून रंगाचा हात धरला आणि ती जळण्याची वाट बघत राहिली.

"पोचली नवी खूण," फरीदा म्हणाली.

गोळी भिंतीला टेकली, क्षणभर थबकली आणि पुढं सरकली.

दुपार कलली तेव्हा ती अचानक थांबली. पांढरा झोत सुटला. द्वारका किंचाळली.

"परकं सापडलं तिला," डॉक्टर पडद्याशी वाकले. आतड्याच्या घडीत एक लाल ओघळ होता. तो तपकिरी झाला आणि आटला. "हीच ती जागा! भिंत आता यांची, पण गळत होतं ते रक्त भावाचं. तेवढंच भाजून बंद केलं तिनं. जुन्या खुणेवर एवढी जागा सोडून बाकी सगळं जाळलं असतं."

"म्हणजे मीच परका निघालो?" रंगाचा आवाज चिरकला.

"निघालास म्हणून वाचले," द्वारका म्हणाली. पण त्याचा हात तिनं सोडला नाही. गोळी अजून बाहेर पडायची होती.