पाठीचा हूक

काम तसं किरकोळच होतं. फ्रॉकला पाठीमागे हूक लावायचा राहिला होता, एवढंच.

नणंद सकाळीच येऊन गेली होती. "वहिनी, रागावू नकोस. पण तो फ्रॉक नुसता डमीवर धूळ खातोय. माझ्या पोरीला होईल. ठकूची आठवण म्हणून घालेल."

"संध्याकाळी ने. हूक लावून ठेवते," शिंपीण म्हणाली. इतक्या सहज म्हणाली, की कापड बेतत बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, मास्तरांनी, चष्म्यावरून वर पाहिलं. लेक ठकू गेल्यापासून तिनं त्या डमीला बोट लावलं नव्हतं. डोळ्यांतून टिपूसही काढलं नव्हतं.

डमी विकतची नव्हती. दुकानाची रीतच तशी. नेहमीच्या गिऱ्हाइकाला जुना बनियन घालायचा, त्यावर चिकटपट्टीचे घट्ट वेढे द्यायचे, मग पाठीत चिरून ते कवच अलगद सोडवायचं, आत कापूस ठासायचा आणि शिवून टाकायचं. डोकं नाही, हात नाहीत, पण धड हुबेहूब त्या माणसाचं. ठकूनंही हट्ट धरला होता, "मला माझी डमी पाहिजे." पट्टी गुंडाळताना तिला इतक्या गुदगुल्या झाल्या, की मास्तर ओरडले, "ए माकडा, श्वास रोखून धर! नाहीतर वाकडी होशील!" तिनं गाल फुगवून श्वास धरला. पुढे दोनेक महिन्यांत तिला दम्यानं गाठलं, आणि सोडलंच नाही.

दुपारची वेळ. शटर अर्धं खाली. शिंपीण डमीमागे उभी राहिली आणि तिनं फ्रॉकच्या दोन्ही कडा एकमेकींकडे ओढल्या. भिडेनात.

"अहो, पाठीत कमी कापलंत."

"हयात गेली माझी कात्री चालवण्यात. मी कमी कापीन?" मास्तर कुरकुरत उठले. त्यांनी डमीच्या छातीला टेप लावला, आणि वाढलेला आकडा दोनदा वाचला. मग म्हणाले, "हवा दमट आहे. कापूस फुगला असेल."

त्यांनी पाठीची शिवण उसवली, मूठभर कापूस काढला, पुन्हा शिवलं. कडा भिडल्या. ती दोरा ओवायला वळली. परत आली तेव्हा मधे तीच फट होती. आणि एक वास. छातीला चोळायच्या बामाचा.

मास्तरांनी आवाज खाली आणला. "खरं सांग… तूच भरत नाहीस ना? रात्री उठतेस तू. डॉक्टर म्हणालेच होते, असा घाव बसला की माणूस काय करतं, ते त्याचं त्यालाच…"

तिनं नखं पाहिली. नखांत कापसाचे तंतू होते. आता शिंप्याच्या नखांत कापूस नसेल तर काय असेल? पण तिची तिलाच खात्री देता येईना.

"मी इथे बसते. तुमच्यासमोर, हात मांडीवर ठेवून," ती म्हणाली. "तुम्ही शिवा आणि टेप धरून उभे राहा. काही झालं नाही, तर उद्या न्या मला डॉक्टरांकडे. वेड लागलं असेल तर लागू दे. पण कळू दे मला."

मास्तरांनी बारीक टाके घातले. टेप वेढून दोन्ही टोकं चिमटीत धरली. रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ते दूर गेलं. मग शांतता.

टेप त्यांच्या बोटांतून सरकू लागला. हळूहळू, आतून कुणी रेटावं तसा.

"तू… हललीस?"

"नाही."

ती उठली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "अहो… ती अजून रोखूनच उभी आहे. तुम्ही धर म्हणालात. सोड कुणी म्हणालंच नाही तिला."

ती डमीसमोर गुडघ्यांवर बसली. "ठकू… झालं गं बाळा. सोड श्वास. सोड."

शेवटच्या शब्दावर तिच्याच छातीत काहीतरी फुटलं. इतके दिवस अडवलेलं रडं एकदम बाहेर आलं, गुरासारखं हंबरत. मास्तरांच्या बोटांतला टेप सैल पडला. फ्रॉकच्या कडा आपणहून भिडल्या.

"सुटली पोर," मास्तर पुटपुटले. त्यांनी बायकोचा खांदा धरला. ती रडत होती, पण श्वास घेत होती.

तिनं डोळे पुसून मागे पाहिलं, तेव्हा डमीसमोरच्या उभ्या आरशावर वाफेचा एक गोल दिसला. डमीला तोंड असतं, तर ते जिथे आलं असतं, बरोबर त्या उंचीवर. दोघं तिकडे पाहत असतानाच तो कडेकडेनं विरत गेला. काच स्वच्छ झाली.



थोड्या वेळानं काच पुन्हा धुरकटली. मघापेक्षा बोटभर वर, पोर वाढत असावी तशी.