शालिकरामची झील

दिवा जरा मोठा करा, तेल काही माझ्या घरचं जळत नाही. हं. तर गोष्ट धामणगाव रेल्वेपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावची, सन अठ्ठावनच्या आसपासची. गावाला तेव्हा पाटलाच्या बैलजोडीचा, मास्तरच्या चष्म्याचा आणि पुंजाराम बुवाच्या गळ्याचा मोठा तोरा. बैल लंगडत होते, चष्म्याला एकच काच होती. गळा मात्र खरा होता.

पुंजाराम भजनी मंडळाचा बुवा. पुढं उभं राहून त्यानं ओळ टाकायची आणि मागच्या टाळकऱ्यांनी ती उचलून पुरी करायची, याला झील धरणं म्हणतात. मागच्यांत शालिकराम नावाचा काडीसारखा माणूस होता. आवाज बारीक, सुईसारखा, पण बुवाची ओळ त्यानं कधी जमिनीवर पडू दिली नाही. ताप असो, बायकोशी भांडण असो, वावरात कापूस फुटून लोंबत असो, झील म्हणजे झील. वीस वर्षांत एकदाच त्यानं काही मागितलं.

"बुवा, एक डाव ओळ मले टाकू द्या."

"टाक ना," पुंजाराम म्हणाला. "घरी जाऊन माणिकबाईपुढं टाक."

सगळे हसले. शालिकरामही हसला. हसायचाही तो मागूनच.

पोळा झाला आणि शालिकराम हिवतापानं गेला.

आता मंडळाचा रिवाज ऐका. मयत भजन म्हणत न्यायचं. चिता पेटली की बुवानं एक शेवटची ओळ टाकायची, 'पैलतिरी दिवा लागला...' आणि तिची झील कोणी धरायची नाही. टाळ फडक्यात बांधायचे न् माघारी वळायचं. राहिलेली अर्धी ओळ मेलेल्याची. ती त्यानं मनात म्हणावी आणि मोकळं व्हावं. आजवर कोण्या मेलेल्यानं तशी तसदी घेतली नव्हती.

तिरडी उचलताना त्याची बायको माणिकबाई पुढं आली. रडत नव्हती.

"बुवा, यायच्या मयताले ओळ टाकू नोका."

"काहून?"

"ते धरतीन."

पुंजारामला राग आला. बाईमाणसानं बुवाला रिवाज शिकवावा म्हणजे काय. नदीवर त्यानं ओळ टाकली, आणि नेहमीपेक्षा छाती भरून टाकली. टाळ बांधले गेले, मंडळी वळली. आणि मागून, लाकडांच्या तडतडीतून, बारीक, सुईसारखं आलं...

'...कोण बोलावितो मला.'

मागं वळून कोणी पाहिलं नाही. ढोलकीवाल्या रामरावच्या धोतराचं काय झालं ते मी सांगत नाही, त्याचा नातू अजून गावात आहे.

दसऱ्याला धामणगावात कापसाची सरकी काढणाऱ्या जिनाच्या आवारात भजनाची चढाओढ होती. भरदुपारची वेळ, कापसाच्या गंज्या, उन्हात उडणारी रुई. पुंजारामनं ओळ टाकली. मागून झील आली ती गच्च, भरलेली, आणि तिच्यावर तो बारीक आवाज तरंगत होता. त्याबरोबर ओल्या राखेचा वास आला. परीक्षक होते अमरावतीचे हरिहर वकील. गाण्यातलं त्यांना जितकं कळे तितकंच कायद्यातलं. ते मान डोलवत म्हणाले, "मागचा तो बारीक आवाज कोणाचा हो? सुरेख."

टाळकरी आपापल्या पायांकडं पाहू लागले. पुंजाराम मात्र बक्षिसाचा फेटा बांधून खाली उतरला. त्याला मनातून बरंच वाटलं होतं. मेला तर मेला, कामात तर येते.

"बुवा, मी उद्यापासून येत नाही," गाडीत रामराव म्हणाला.

"भेला काय बे?"

"मानेले श्वास लागते त्याचा... थंडा."

एकेक करून सगळे सुटले. दिवाळीपर्यंत मंडळात एकटा बुवा उरला. देवळात उभा राहून तो ओळ टाकी, आणि रिकाम्या जागेतून झील येई. शेवटी त्यानं गाणंच सोडलं. तर दिवेलागणीला नदीकडून टाळ वाजू लागले. छन्... छन्. बुवा ओळ विसरला की झीलकरी आठवण देतो ना, तसे. पुंजारामनं कानांत कापूस कोंबला. वऱ्हाडात कापसाचा काय तोटा. पण टाळ कापसाच्या आतून वाजत होते.

त्याला झोप लागेना, घास उतरेना. बक्षिसाचा फेटा डोक्याभोवती दोन वेढे जास्त बसेल इतकं डोकं लहान झालं. तेव्हा तो माणिकबाईच्या दारात गेला.

"त्याले मोकळं कसं करू?"

"तुमीच बांधलं, बुवा. ओळ टाकली, आता ते पुढच्या ओळीची वाट पाहून राहिले."

"मंग म्या काय करू?"

तिनं ज्वारीचं सूप खाली ठेवलं.

"एक डाव त्यायले पुढं उभं राहू द्या."

दिवस बुडताना पुंजाराम नदीवर गेला. जिथं चिता पेटली होती तिथून चार पावलं मागं उभा राहिला. मागं उभं राहायची त्याला सवय नव्हती, हात कुठं ठेवावेत ते कळेना.

"शालिक... आज ओळ तू टाक. झील मी धरतो."

पान हललं नाही. ओल्या राखेचा वास आला. मग पुढून...

'पैलतिरी दिवा लागला...'

आणि पुंजारामनं जन्मात पहिल्यांदा झील धरली. '...कोण बोलावितो मला.'

त्या रात्री टाळ वाजले नाहीत. तो मेल्यासारखा झोपला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो ओसरीवर जेवायला बसला. भाकर, ठेचा. बायको जमुनाबाई आत चुलीजवळ. नदीकडून बारीक आवाज आला, 'पैलतिरी दिवा लागला...' पुंजारामला हसू आलं. गाऊ दे बापड्याला, आता कोण धरते त्याची झील.

झील आली. छाती भरून, खणखणीत. तसा गळा गावात एकच होता.

पुंजारामनं हाक मारायला तोंड उघडलं. ओठ हलले, बाकी काही नाही. त्यानं ताट आपटलं. ताटाचाही आवाज झाला नाही.

जमुनाबाई कंदील घेऊन बाहेर आली. त्याच्या गुडघ्याला लागूनच गेली, पायरीवर थांबली आणि नदीकडं तोंड करून ओरडली, "आवो, किती गासान? भाकर थंडी होऊन राहिली!"

त्यानं तिचा पदर धरला. चिलट बसल्यासारखा तिनं तो झटकला.

बुवासाठी माणसांनी आठ दिवस नदी धुंडाळली. मिळालं काही नाही. जमुनाबाईनं त्या रात्री ताट उचललं तेव्हा भाकर अर्धी खाल्लेली होती. मांजरानं खाल्ली म्हणाल, तर मांजर ठेचा लावून खात नाही.

मरेपर्यंत ती रोज ओसरीवर ताट वाढून ठेवायची. सकाळी पाहावं, तर अर्धंच संपलेलं असायचं.