कोऱ्या ओळी

मृणाल केळुसकरच्या नवऱ्याची ईमेल रोज दुपारी चारला समुद्राच्या तळातून यायची, आणि ती उघडताच मृणालच्या कपाळाला आठ्या पडायच्या. मजकुराबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती मधल्या कोऱ्या ओळींबद्दल. एक वाक्य, मग दोन कोऱ्या ओळी, पुन्हा एक वाक्य, मग पाच. अठ्ठावीस वर्षं पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासलेल्या बाईला हे म्हणजे घासागणिक दाताखाली खडा.

उन्मेष वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून लांब, दोनशे मीटर खोल पाण्यात एकटा राहत होता. तळातला धातू उपसणाऱ्या यंत्रांवर देखरेख करायची, एका खोलीएवढ्या ठाण्यात, नव्वद दिवस. तिथल्या दाबाला साधी हवा चालत नाही, आणि हेलियम मिसळलेल्या हवेत माणसाचा आवाज बदकासारखा होतो. म्हणून त्याच्या गळ्याला कंठपट्टी बांधलेली होती. गळ्याच्या स्नायूंची हालचाल ओळखून ती शब्द लिहायची आणि ध्वनिलहरींवरून वर पाठवायची. एवढ्या खोलीतून फोटो येत नव्हते, आवाजही येत नव्हता. यायची ती फक्त साधी अक्षरं. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर तेवढंही पुष्कळ असतं, असं मृणाल मैत्रिणींना सांगायची, आणि पावणेचारलाच चहाचं आधण ठेवून बसायची.

सहाव्या आठवड्यात मात्र तिनं कंपनीचं किनाऱ्यावरचं कार्यालय गाठलं. तिथं संदेशांचं काम परुळेकर बघत.

"सुरुवातीला एखादीच ओळ सुटायची हो," ती म्हणाली. "आता पानभर नुसता वारा खेळतो. आणि त्याच्या उत्तराखाली माझीच वाक्यं येतात, तीही दुप्पट अंतरानं."

परुळेकरांनी तिच्या त्या परत आलेल्या वाक्यांवर नजर टाकली आणि हसले. "वहिनी, जुनं दुखणं आहे हे. ओळ संपली की खालचं यंत्र एक खूण टाकतं. वरचं यंत्र ती ओळखत नाही, आपली आणखी एक टाकतं. दोन सुनांनी एकाच आमटीत मीठ घालावं, तसं."

"मग एकीला सांगा ना."

"दोघींच्याही हातातलं मीठच काढून घेतो."

त्यांनी तिथल्या तिथे एक चाळणी लिहिली. आठ ओळींची आज्ञावली. कोरी ओळ दिसली की गाळायची, एवढंच तिचं काम. ती मुख्य यंत्रावरच बसवली, म्हणजे खालून आलेलं प्रत्येक पत्र आधी चाळलं जाईल आणि मगच ज्याचं त्याला मिळेल.

दुसऱ्या दिवशीचं पत्र सलग आलं. मृणालला इतका आनंद झाला की तिनं लगेच उत्तर लिहिलं, "आता कसं, छापल्यासारखं दिसतंय. शिस्त लागली तुला."

"तुला आवडलं ना, मग झालं," उन्मेषनं कळवलं.

पुढचे एकोणीस दिवस पत्रं अशीच नीटनेटकी येत राहिली. ती आखूड होत गेली होती. एकदा त्यानं लिहिलं, डोकं जड वाटतं. एकदा लिहिलं, काल काय जेवलो ते आठवेना. झोप काढ, असं तिनं सुचवलं. विसाव्या दिवशी चार वाजले, पाच वाजले, पत्र आलं नाही. पाणबुडे पोचले तेव्हा उन्मेष खुर्चीत बसलेलाच होता. श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या चुन्याचे डबे वेळेवर बदललेले नव्हते, आणि तो वायू मोजणाऱ्या यंत्रात दमट हवा शिरल्यामुळे काटा सुरक्षित खुणेवरच अडकला होता. माणूस आठवडेच्या आठवडे मंदावत गेला होता, आणि आपण मंदावतोय हे कळण्याएवढंही भान त्याला उरलं नव्हतं.

तेरावा झाल्यावर कंपनीच्या डॉक्टर शर्वरी रेगे घरी आल्या. त्यांनी एक लिफाफा पुढे ठेवला, पण हात त्यावरून काढला नाही.

"माणूस गप्प राहिला की कंठपट्टी दर तीन सेकंदांना एक कोरी ओळ टाकते," त्या म्हणाल्या. "मीच तसं करून घेतलं होतं. मेंदूला हवा बाधू लागली की आधी बोलण्यातल्या जागा वाढतात. मी तुमची पत्रं वाचत नव्हते, फक्त ओळी मोजायचे. नऊपर्यंत गेल्या होत्या. दहा झाल्या की त्यांना वर घ्यायचं, असं ठरलं होतं."

"मग?"

"एका दिवसात शून्य झाल्या. मी चौकशी करायला हवी होती. मला वाटलं, सुधारले."

"परुळेकरांना माहीत होतं हे?"

"नाही. मीच कुणाला सांगितलं नव्हतं."

मृणालला रडू आलं नाही, त्याची तिला स्वतःचीच चीड आली. नव्यानं कामाला लागलेल्या प्रत्येकाला ती एकच धडा द्यायची. यंत्राची चूक सगळीकडे सारखी असते. जिथे ती कमीजास्त दिसेल तिथे माणूस असतो, आधी त्याला विचारा. तिची स्वतःची वाक्यं परत यायची ती सारख्या अंतरानं. उन्मेषची यायची दोन, पाच, नऊ अशी. हे तिनं रोज, चष्मा लावून पाहिलं होतं.

डॉक्टर गेल्यावर तिनं लिफाफा उघडला. आत ठाण्यातल्या यंत्रातून काढलेली, न चाळलेली, मुळातली पत्रं होती. शेवटच्या पत्रात वर एकच शब्द होता, "मृणाल". मग कोरा कागद. पान उलटल्यावर तळाशी, "चहा झाला का?" तिला हे एका शब्दामागे तीन शब्द असे सलग मिळाले होते, आणि तिनं मिनिटभरात उत्तर धाडलं होतं, झाला, तुझा?

तिनं पेन्सिल घेऊन सवयीनं ओळी मोजल्या. एक्केचाळीस. तीननं गुणल्यावर दोन मिनिटं तीन सेकंद. घड्याळ समोर ठेवून ती तेवढा वेळ गप्प बसून राहिली. तो वेळ संपता संपेना. मी परुळेकरांकडे गेले, यंत्रं दुरुस्त करून घेतली, त्याला शिस्तीचं प्रशस्तिपत्र दिलं. पण मधेच गप्प का होतोस रे, एवढं त्यालाच का नाही विचारलं?